सोपी वाट

कष्टावाचून मिळालेली वस्तू हलक्या मोलाची, असे मानण्याची खोड मनुष्यजातीस फार जुनी आहे. जे देवस्थान डोंगराच्या माथ्यावर असेल त्याच्या दर्शनाचे पुण्य अधिक, जी विद्या गुरूच्या घरी पाणी भरून मिळाली तीच खरी, आणि जो सुखासुखी मुक्कामास पोहोचला त्याने विशेष असे काही मिळवलेच नाही, असा आपणा सर्वांचा एक अस्पष्ट समज असतो. हा समज आम्हीही पुष्कळ वर्षे बाळगून होतो. इंग्लंडात एका अगदी सोप्या रानवाटेने चालत असता त्यास जो धक्का बसला, तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमचा भाचा शेफील्ड येथे डॉक्टर आहे. त्याच्याकडे उन्हाळ्याचे दोन महिने राहण्यासाठी त्याच्या मातोश्री, म्हणजे आमच्या वडील भगिनी, गेल्या होत्या, आणि त्यांच्या सोबतीस म्हणून आम्हीही गेलो होतो. आक्कांचे वय ७६. दोन्ही गुडघे संधिवाताने धरलेले, हाती काठी. परंतु चालण्याची हौस लहानपणापासूनची, ती काही गुडघ्यांबरोबर गेलेली नाही.

शेफील्ड हे पोलादाचे गाव म्हणून प्रसिद्ध असले तरी त्याची पश्चिमेकडची वेस थेट रानात शिरलेली आहे. शहरापासून नऊएक मैलांवर लाँगशॉ नावाची एक जुनी जहागीर आहे. शिकारीच्या मोसमात पाहुण्यांसह उतरता यावे म्हणून रटलंडच्या ड्यूकांनी १८२७ च्या सुमारास येथे एक वाडा बांधला. त्या वाड्याच्या आवारातून रुंद, सपाट, बारीक खडीची अशी वाट निघते. ती प्रथम ओक, पाइन आणि आपल्या भूर्जवृक्षाचा भाऊबंद जो बर्च, त्यांच्या राईतून जाते; बर्बेज नावाच्या ओढ्याचा शब्द कानी पडू लागतो; आणि झाडी विरळ होता होता आपण एकाएकी उघड्या माळावर येतो. अशा माळास तिकडे मूर म्हणतात. आपल्याकडच्या खडखडीत माळरानाशी त्याचे फारसे साम्य नाही. पावसाचे पाणी निचरत नसल्यामुळे शेवाळ आणि गवत तेथे पुरते कुजत नाही; त्याचे थरांवर थर साचून काळी, ओली, पावलाखाली दबणारी भूमी तयार होते. तिला पीट हे नाव आहे. हा थर वर्षाला सरासरी एका मिलिमीटरने वाढतो, म्हणजे वीतभर पीट साचावयास दोन शतके लागतात. त्यावर हेदरची गुडघाभर झुडपे असतात, आणि ऑगस्ट महिन्यात ती फुलली म्हणजे क्षितिजापर्यंतचा सारा माळ जांभळा होऊन जातो.

आम्ही गेलो तो असाच ऑगस्टातला दिवस होता. आक्का काठी टेकीत, मधूनमधून थांबत, पण मोठ्या समाधानाने चालल्या होत्या. ह्या मुलखात जागोजाग अर्धवट घडवून तशीच टाकून दिलेली प्रचंड दगडी जाती पडलेली दिसतात. एके काळी पिठाच्या गिरण्यांसाठी ती येथील खडकातून काढीत. पुढे मागणी संपली आणि ती जागच्या जागी राहिली. पुरुषाच्या छातीएवढे एक जाते झुडपांत उभे पाहून आक्का म्हणाल्या, “अरे, ह्याच्यावर दळायला कोण बसणार होते?” आम्ही हसलो. माळावर आल्यावर मात्र त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरून वाऱ्यात नुसत्या उभ्या राहिल्या.

भाचा पुढे जाऊन परत आला होता. तो तरुण, धडधाकट, दर रविवारी कोठला तरी कडा चढणारा. तो सहज बोलून गेला, “मामा, ही काय वाट आहे! ही म्हाताऱ्याकोताऱ्यांची आणि बाबागाड्यांची. खरे चालायचे असेल तर उद्या तुम्हांला किंडरवर नेतो.” त्याच्या मनात काही वावगे नव्हते. परंतु आक्कांनी ते ऐकले. दुसरे दिवशी “चलता का?” असे विचारताच त्या म्हणाल्या, “तुम्ही जा. माझ्यापायी तुमचा खोळंबा नको.” त्यानंतर आठ दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. ज्या स्त्रीला आदल्या दिवशी त्या माळावर आनंदाने स्तब्ध झालेली आम्ही पाहिली, तिला एका वाक्याने असे वाटू लागले होते की आपण पाहिले ते खऱ्या वस्तूचे हलके, पोरासोरांसाठी केलेले रूप होते.

तेव्हा प्रश्न असा: वाटेची सोय वाटेचे मोल कमी करते काय? माळ तोच, आकाश तेच, फुले तीच. मग एकाने धापा टाकीत पाहिली आणि दुसऱ्याने सावकाश पाहिली, एवढ्यावरून पहिल्याचे पाहणे श्रेष्ठ ठरते काय?

कष्टांचा पक्ष दुबळा आहे असे आम्ही म्हणणार नाही. श्रमाने शरीर जागे होते, लक्ष एकवटते, आणि मिळालेल्या वस्तूची किंमत मनावर ठसते. आपल्याकडे तपाला मान आहे तो काही उगाच नाही. परंतु तपाचे प्रयोजन अहंकार झिजवणे हे आहे, आणि डोंगर चढून आलेल्या मनुष्याचा अहंकार झिजलेला असतोच असे नाही; पुष्कळदा तो डोंगराच्या उंचीने वाढलेला असतो. शिवाय ज्या भाषेत आम्ही हे लिहीत आहोत तिचा सर्वांत मोठा ग्रंथ एक अवघड वाट सोपी करण्यासाठीच निर्माण झाला. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला, तेव्हा ‘ज्यांना संस्कृताचा चढ चढवत नाही त्यांनी पायथ्याशी बसावे’ असे त्यांनी म्हटले नाही. त्या सोपेपणाने गीता उणी झाली असे आज कोणी म्हणेल काय? तरीही तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. कारण वाट सोपी होते ती आपोआप होत नसते. कोणाच्या तरी कष्टांनी ती होते, आणि ते कष्ट कोणाचे, हे पाहिल्यावाचून सोयीचे मोल ठरवता येणार नाही.

लाँगशॉची ती सपाट वाट कोणी केली? ती ड्यूकांच्या पाहुण्यांच्या घोडागाड्यांसाठी झाली. ग्राउस नावाचा, आपल्या तित्तिराच्या कुळातला एक पक्षी हेदरच्या माळांवर राहतो. १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. बंदुका आणि मेजवानीचे सामान घेऊन गाड्या सुखाने माळापर्यंत जाव्यात म्हणून ते रस्ते बांधले गेले. म्हणजे ही वाट पहिल्यापासूनच सोपी होती. फक्त ती थोड्यांसाठी होती. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, उमराव गाडीत बसून माळावर जात असताना ती वाट हलकी आहे असे कोणी म्हटले नाही. सोय हा कमीपणा वाटू लागला तो ती सर्वांच्या वाट्याला आल्यावर!

ती सर्वांच्या वाट्याला कशी आली, ही हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १६०४ पासून १९१४ पर्यंत इंग्लंडच्या पार्लमेंटाने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे देशाच्या एकपंचमांशाहून काहीशी अधिक भूमी, खाजगी कुंपणात घालण्यास संमती दिली. जेथे गावकरी गुरे चारीत व सरपण वेचीत असत त्यांतल्या पुष्कळ माळांवर शिकारीचे पहारेकरी आले. त्याच काळात खालच्या खोऱ्यांत मँचेस्टर आणि शेफील्ड धुराने काळी होत होती, आणि सहा दिवस गिरणीत वा भट्टीपुढे राबणाऱ्या माणसाला रविवारी समोरचा डोंगर दिसत असूनही त्यावर पाय ठेवण्याची बंदी होती. डोंगरांवर जाण्याची मोकळीक मागणारे पहिले विधेयक जेम्स ब्राइस ह्यांनी १८८४ मध्ये आणले. ते मंजूर झाले नाही, आणि पुढे अनेक वेळा आणलेली तशीच विधेयकेही पडली.

लाँगशॉची जहागीर १९२७ मध्ये विक्रीस निघाली. तेव्हा शेफील्डच्या एका विधवा स्त्रीने ती वाचवण्यासाठी वर्गणीचे आवाहन केले. पुढे एथेल हेथॉर्नथ्वेट ह्या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांचे पहिले पती पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये पडले होते, आणि त्या दुःखातून त्या सावरल्या त्या ह्या रानांत व माळांवर चालून. लोकांच्या पैशांनी सुमारे ७५० एकर भूमी घेतली गेली आणि १९३१ मध्ये ती कायमच्या जतनासाठी नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन झाली. आक्का ज्या वाटेवरून चालल्या तिच्यात एका स्त्रीचे वैधव्य आणि अनेक अपरिचितांचे शिलिंग मुरलेले आहेत.

दुसऱ्याच वर्षी, २४ एप्रिल १९३२ रोजी, सुमारे ४०० तरुण कामकरी हेफील्ड गावाजवळच्या एका खाणीत जमले आणि उघडपणे, दिवसाढवळ्या, किंडर स्काउटच्या बंद माळावर चढून गेले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा होता. वर पहारेकऱ्यांशी त्यांची झटापट झाली. नुसते दुसऱ्याच्या जमिनीवर जाणे हा फौजदारी गुन्हा नव्हता. परंतु दंगा व मारहाण ह्यांचे आरोप ठेवून पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. चालणाऱ्यांच्या जुन्या मंडळांना हा प्रकार पसंत नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. अशाने होणारे काम बिघडेल अशी त्यांना भीती होती. आज मागे पाहता सौम्य मार्गाने चाललेले आणि उघड चढून गेलेले, ह्या दोघांच्याही श्रमांना फळ आले असे म्हणावे लागते. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा व पाऊलवाटांच्या नकाशांचा कायदा झाला, १९५१ मध्ये हाच पीक डिस्ट्रिक्टचा मुलूख देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि २००० च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये नकाशावर नोंदलेल्या डोंगर-माळांवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांस मिळाला. १९३२ मध्ये किंडरवरील शिकारीची भूमी ज्यांच्याकडे होती त्यांत डेव्हनशरचे ड्यूक होते. त्यांच्या नातवाने, अकराव्या ड्यूकांनी, २००२ मध्ये त्या दिवसाच्या सत्तराव्या स्मरणोत्सवास उपस्थित राहून जाहीर क्षमा मागितली.

भाच्याच्या आग्रहावरून आम्ही किंडरवरही जाऊन आलो. एडेल खेड्यातून निघणारी ती चढण अवघड खरी. परंतु जेथे आमचा दम उखडला तेथे कोणी तरी दगड बसवून पायऱ्या केल्या होत्या, आणि त्यांवरून भाचाही मुकाट्याने चढत होता. एडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी पेनाईन वे ही २६८ मैलांची वाट १९६५ मध्ये खुली झाली. तिच्यावर इतकी माणसे आली की पीटचा चिखल होऊन वाट काही ठिकाणी एखाद्या नदीच्या पात्रासारखी पसरली. ज्याला त्याला चिखल चुकवण्यासाठी कडेने जावे लागे, आणि प्रत्येक कडेचा पुन्हा चिखल होई. तेव्हा त्या भागांत मोठमोठ्या फरश्या अंथरण्यात आल्या. त्यांपैकी पुष्कळ फरश्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांतून आणल्या आहेत. ज्या जमिनीवर उभे राहून कामकरी आठवडाभर सूत कातीत आणि रविवारची वाट पाहत, तीच जमीन उचलून आज माळावर नेली आहे! हे ऐकल्यावर आम्ही त्या फरश्यांवरून नुसते चालू शकलो नाही. पावलोपावली खाली पाहत राहिलो. आणि अवघड वाटेने जाणारा तेवढा स्वतःच्या बळावर जातो, ही आमची समजूत तेथेच सुटली.

ह्या ठिकाणी आपल्या भाषेतला एक शब्द आम्हांस राहून राहून आठवला. वाटेवरील हक्कास आपण ‘वहिवाट’ म्हणतो. ज्या उपयोगाने हक्क उत्पन्न होतो त्याच्या नावातच आपल्या पूर्वजांनी वाट ठेवली आहे. आपल्याकडे १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्याने वीस वर्षांच्या अखंड वापराने जाण्यायेण्याचा हक्क पक्का होतो, आणि शेताच्या बांधावरून जाणारी वाट कोणी अडवली म्हणजे १९०६ च्या कायद्याप्रमाणे मामलेदाराकडे दाद मागता येते, हे खेड्याशी संबंध असलेल्या प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहे. इंग्लंडातही किंडरच्या त्याच १९३२ सालच्या कायद्याने सार्वजनिक पाऊलवाटेस वीस वर्षांचीच मुदत घातली. मात्र तो वापर कसा असावा ह्याविषयी रोमन कायद्यापासून चालत आलेल्या तीन अटी आहेत: तो बळजोरीचा नसावा, चोरून केलेला नसावा, आणि कोणाच्या परवानगीने केलेला नसावा. पहिल्या दोन अटी कोणासही समजतील. तिसरीपाशी मन थबकते. परवानगी मागून चालणारा कितीही वर्षे चालला तरी त्याचा हक्क होत नाही. जो सरळपणे, ‘ही वाट आहे आणि आपण वाटसरू आहोत’ एवढ्याच विश्वासाने चालतो, त्याच्याच पावलांनी वाट सर्वांची होते.

किंडरवर गेलेल्या तरुणांनी पहिली अट मोडली असे न्यायालयाचे म्हणणे पडले, आणि त्याचा दंड त्यांनी तुरुंगात भरला. दुसरी मात्र त्यांनी अक्षरशः पाळली. पण आम्हांस वाटते, ह्या तीन अटींत वाटेच्या कायद्याहून अधिक काही आहे. ज्या सृष्टीत आपण थोडे दिवस वाटसरू म्हणून आलो आहोत तीत वागावे कसे, ह्याचे मोजके उत्तर त्यांत सापडते. दांडगाई करू नये. लपूनछपून काही उपटू नये. आणि जे सर्वांचे आहे ते भोगताना ओशाळे होऊ नये. आक्का ओशाळ्या झाल्या होत्या. त्यांनी मनोमन परवानगी मागितली होती, आणि ती मागण्याची पाळी आमच्या घरानेच त्यांच्यावर आणली होती.

आता एक आक्षेप राहतो, आणि तो वजनदार आहे. वाट सोपी केली की गर्दी येते, आणि गर्दीने ज्यासाठी यावे तेच नाहीसे होते. ही भीती काल्पनिक नाही. मूरची भूमी नाजूक आहे. दोन शतके गिरण्यांच्या धुरातून आलेल्या आम्लाने, वणव्यांनी आणि मेंढ्यांच्या चराईने तेथले कित्येक माळ उघडे, काळे पडले होते; शेवाळाची रोपे लावून ते पुन्हा हिरवे करण्याचे काम कित्येक वर्षे चालू आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ मूरला लागलेली आग विझवण्यासाठी लष्कराची मदत घ्यावी लागली. कर्ल्यूसारखे पक्षी तेथे जमिनीवरच घरटी करतात, म्हणून १ मार्चपासून ३१ जुलैपर्यंत मोकळ्या माळांवर कुत्रे आखूड दोरीनेच न्यावे असा नियम आहे. ज्याला ही दोरी जाच वाटते त्याने माळाचा हक्क मागू नये.

परंतु ह्या आक्षेपाचे उत्तर वाट अवघड ठेवणे हे नव्हे. पेनाईनच्या फरश्यांनी काय केले ते पाहा. वाट बरी झाली तेव्हा माणसे वाटेवर राहिली, आणि दोन्ही बाजूंची तुडवलेली भूमी पुन्हा धरू लागली. वाईट वाटेपेक्षा चांगल्या वाटेने माळाचे अधिक रक्षण झाले. शिवाय ‘थोड्यांनीच यावे’ असे म्हणणारा मनुष्य त्या थोड्यांत स्वतःस नेहमी धरूनच बोलत असतो. गर्दी कमी करण्याची जबाबदारी गुडघे दुखणाऱ्यांवर, लहान मुलांवर आणि चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्यांवरच काय म्हणून टाकावी? सगळेच माळ सपाट करावेत असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळसे रान बिनवाटेचे राहावे. त्याची दुर्गमता हेही एक धन आहे. मात्र काही वाटा अशा असल्याच पाहिजेत की ज्यांवरून कोणासही माळाच्या मध्यापर्यंत जाता येईल, आणि तेथे पोहोचलेल्यास ‘तू खरा आला नाहीस’ असे कोणी म्हणू नये.

सोपी वाट म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या आधी भरून ठेवलेले ऋण होय, ह्या मतास आम्ही आलो आहो. अवघड वाटेवर मनुष्य आपल्या पराक्रमाचा हिशेब ठेवतो; सोप्या वाटेवर त्याला, डोळे उघडे असल्यास, दुसऱ्यांच्या श्रमांचा हिशेब दिसतो. पहिल्याने धैर्य वाढते, दुसऱ्याने कृतज्ञता. दोन्ही गुण हवेत. पण ह्यांतला दुसरा आपल्या सुशिक्षित घरांत अधिक दुर्मिळ होत चालला आहे, असे आम्हांस भय वाटते.

हे सारे आम्ही भाच्यास किंडरहून परतताना, जमेल तसे, सांगितले. त्याने वाद घातला नाही. येत्या रविवारी आपण आईला घेऊन पुन्हा लाँगशॉला जाऊ, एवढेच तो म्हणाला. आक्का प्रथम नको म्हणाल्या. मग, “मधल्या बाकापर्यंतच येईन,” अशा बोलीवर निघाल्या. बाक आला तशा त्या घटकाभर बसल्या, आणि काही न बोलता उठून पुढे चालू लागल्या. राई संपून माळ लागतो त्या वळणावर एक टोकदार दगड सुटून वाटेच्या मधोमध आला होता. आक्का थांबल्या. त्यांना वाकवत नव्हते, म्हणून काठीच्या टोकाने त्यांनी तो हळूहळू कडेला सारला. “कोणाच्या तरी पायाला लागायचा,” त्या म्हणाल्या. भाचा त्या दिवशी त्यांच्या मागून, त्यांच्याच चालीने चालत होता.